८३ जणांची साक्ष : स्ट्रोक, कोलेस्टेरॉल आणि बुद्धी

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांना दीड वर्षापूर्वी स्ट्रोक आला. हात आता बऱ्यापैकी वळतो, बोलणंही सुधारलंय, पण बाईंच्या शब्दांत सांगायचं तर "बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत." आणि घरात दोन तट पडलेत. त्यांचे यजमान म्हणतात, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिलीय ती चालू ठेवायची, तिनेच मेंदू वाचेल. दीर म्हणतात, हीच गोळी बाबांची स्मरणशक्ती खातेय, मोबाईलवर लेख आलाय. दिरांनी एक महिना गोळी बंदही करून पाहिली, कुणाला न सांगता. बाईंचा प्रश्न साधा होता : दोघांतलं खरं कोण बोलतंय?

मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. आणि घरी जाऊन कागद काढून बसलो तेव्हा जरा ओशाळलो, कारण दोघंही भाऊ एकाच संशोधनाचा आधार घेतायत आणि त्या संशोधनात दोघांनाही हवं ते उत्तर नाही. आज आपण त्या संशोधनाची समीक्षा करणार आहोत. समीक्षा म्हणजे पुस्तकाची करतो तशीच. काय लिहिलंय ते बघायचं, काय लिहायचं राहिलंय ते बघायचं, आणि दाराबाहेर कुणाला उभं ठेवलंय तेही बघायचं.

आधी बाबांकडे बघू. लकवा म्हणा, अर्धांगवायू म्हणा. बहुतेक वेळा मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, काही वेळा वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. आपल्याकडे हातपाय हलायला लागले की माणूस बरा झाला असं धरतात. शेजारीपाजारी भेटून जातात, "छान, चालायला लागलात की!" मग पाचसहा महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं : बाबा चहा करायला गेले, आधण ठेवलं, साखर घातली, परत साखर घातली आणि पावडर राहूनच गेली. पावडरीचा डबा कुठे आहे ते त्यांना ठाऊक आहे. नातवाचं नाव, शाळा, इयत्ता सगळं ठाऊक आहे. पण रिक्षावाल्याला पन्नासची नोट दिली तर परत किती घ्यायचे इथे अडकतात. पत्ते खेळायला बसले तर हातातल्या पानांचा बेत लागत नाही. अल्झायमरमध्ये बहुधा आठवण आधी जाते. स्ट्रोकनंतर पुष्कळदा आठवण शाबूत असते, कारभार कोलमडतो. क्रम लावणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं, वेग. हा फरक जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे किती जणांना होतं? ऑक्सफर्डच्या पेंडलबरी आणि रॉथवेल यांनी २००९ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून मांडले. साधारण १० टक्के लोकांना पहिल्या स्ट्रोकच्या आधीपासूनच डिमेन्शिया होता. आणखी १० टक्क्यांना पहिल्या स्ट्रोकनंतर लवकरच झाला. आणि ज्यांना पुन्हा स्ट्रोक आला, त्यांच्यात हे प्रमाण एकतृतीयांशाच्या वर गेलं. ही शेवटची ओळ मला अख्ख्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. आज मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता दिरांचा लेख. तो मीही वाचलाय, तुमच्यातल्या निम्म्यांना तरी आला असेल. मुद्दा असा, की मेंदू कोलेस्टेरॉलचा बनलाय, तुम्ही कोलेस्टेरॉल कमी केलंत की मेंदू उपाशी मरणार. यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० टक्के किंवा त्याहून जास्त तिथे असतं. दुसरं वाक्य मात्र घसरतं. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूच्या कुंपणाआड जातच नाही. तुमच्या तपासणीच्या कागदावर जो आकडा येतो तो मेंदूच्या कोठाराचा नाही, रस्त्यावरच्या मालगाडीचा आहे.

इथे डॉक्टर मंडळी सहसा थांबतात, विषय संपला म्हणून. पण एवढ्यावर थांबणं काही बरोबर नाही. कोलेस्टेरॉल कुंपण ओलांडत नाही, पण गोळी? सिम्वास्टॅटिन, अॅटोर्वास्टॅटिन ही चरबीत विरघळणारी औषधं आहेत, ती थोडीफार आत जाऊ शकतात. प्राव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन पाण्यात विरघळणारी, ती कमी जातात. म्हणजे दिरांची शंका अगदीच खुळचट नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही स्टॅटिनच्या माहितीपत्रकात लिहायला लावलं, की काहींनी विसराळूपणा, गोंधळ अशा तक्रारी केल्यात. त्या सहसा गंभीर नसतात, गोळी थांबवल्यावर जातात. मोबाईलवरच्या लेखात यातला पहिला अर्धाच असतो. असो. अशा शंकेचं उत्तर तर्काने मिळत नाही. त्याला चाचणी लागते : अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी बिनऔषधी गोळी, आणि काही वर्षांनी मोजायचं.

अशा दोन मोठ्या चाचण्या आहेत, दोन्हींचे निष्कर्ष २००२ सालचे. ब्रिटनमधली हार्ट प्रोटेक्शन स्टडी, तिच्यात २०,५३६ लोक, वय ४० ते ८०, रोज ४० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन, पाच वर्षं. आणि प्रॉस्पर, स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलंडमधली, तिच्यात ७० ते ८२ वयाचे ५,८०४ लोक, ४० मिलिग्रॅम प्राव्हास्टॅटिन, सरासरी ३.२ वर्षं. २०१६ मध्ये कॉक्रेनने डिमेन्शिया टाळण्यासाठी स्टॅटिन या प्रश्नाचा आढावा घेतला तेव्हा निकषांत बसल्या त्या याच दोन चाचण्या, मिळून २६,३४० माणसं. निष्कर्ष : उतारवयात दिलेल्या स्टॅटिनमुळे बुद्धीचा ऱ्हास टळत नाही.

सव्वीस हजार माणसं! एवढ्या आकड्यापुढे कोण बोलणार? पण आपण समीक्षा करतोय, तेव्हा मोजमाप कसं झालं ते विचारू या. हार्ट प्रोटेक्शन स्टडीमध्ये बुद्धीची तपासणी झाली ती एकदाच, शेवटच्या भेटीत, आणि तीही फोनवर विचारता येईल अशा प्रश्नावलीने. सुरुवातीला कोण कुठे उभं होतं याची नोंदच नाही. शेवटी गोळीवाल्यांत २३.७ टक्के आणि बिनऔषधी गोळीवाल्यांत २४.२ टक्के लोक ठरावीक गुणांच्या खाली निघाले. फरक नाही, हे बरोबर. गोळीने ढोबळ मानाने कुणाची बुद्धी घालवली नाही, एवढं यातून छान कळतं, आणि दिरांच्या लेखाला हे खणखणीत उत्तर आहे. त्यातून सिम्वास्टॅटिन म्हणजे आत जाऊ शकणारं औषध. पण "वाचवलीही नाही" असं म्हणायला ही एकच मोजपट्टी पुरते का? धावण्याच्या शर्यतीत फक्त शेवटची रेघ बघितली आणि कोण कुठून निघालं ते लिहिलंच नाही, तर बारीकसा फरक त्या गर्दीत हरवणारच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रॉस्परचं काम मोजण्याच्या बाबतीत जास्त नेटकं होतं. तिथे पुनःपुन्हा चाचण्या घेतल्या, वेगाच्या आणि लक्ष देण्याच्याही घेतल्या. पण तिच्या दारावर पाटी होती : ज्यांचे मिनी मेंटलवर ३० पैकी २४ पेक्षा कमी गुण, त्यांना प्रवेश नाही. म्हणजे ज्यांची बुद्धी ढासळायला लागलीय, ते आधीच बाहेर.

हे मिनी मेंटल काय आहे ते सांगतो, कारण आपल्या बाबांचीही कुठेतरी तीच चाचणी झालेली असणार. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली, दहा मिनिटांत उरकणारी. आज वार कोणता, हे शहर कोणतं, तीन शब्द ध्यानात ठेवा, शंभरातून सात वजा करत चला, एक वाक्य लिहा, आकृती बघून काढा. आता चहाचा गोंधळ करणारे आपले बाबा आठवा. वार सांगतील, शहर सांगतील, तीन शब्द सांगतील. २७ गुण मिळवून घरी येतील आणि संध्याकाळी परत साखर दोनदा. क्रम लावण्याची, बेत आखण्याची क्षमता या चाचणीत जेमतेम तपासली जाते. उलट दुसरा कुणी असेल, बुद्धी लख्ख पण उजवा हात लुळा, तर त्याचे वाक्य लिहिण्याचे आणि आकृतीचे गुण गेले. हाताचे मार्क डोक्यातून कापले. आणि ज्याची वाचाच गेलीय त्याचं काय? बहुतेक अभ्यासांत त्याला घेतच नाहीत. स्ट्रोकनंतरच्या बुद्धीवरचं संशोधन, आणि ज्यांना स्ट्रोकने जास्त मारलं तेच त्यातून गाळलेले. शिवाय शाळेत न गेलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करायला सांगणं हा काय न्याय आहे? हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी नव्वदच्या दशकात हिंदीत याची निराळी आवृत्ती केली, ती याच अडचणीमुळे.

२००५ साली कॅनडात मोका नावाची चाचणी आली, ती कारभाराची बाजू जास्त बघते. पण ती यायच्या आधीच आपल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष छापून झाले होते.

अजून एक चाचणी नेहमी पुढे करतात, एबिंगहाउस. विस्मरणाचा अभ्यास करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं नाव दिलंय, नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. २०१७ ची. स्टॅटिनच्या जोडीला इव्होलोक्युमॅब हे नवं, इंजेक्शनने द्यायचं महाग औषध. मुख्य विश्लेषणात १,२०४ माणसं, संगणकावरच्या चाचण्या, सुरुवातीची मोजणीही केलेली. एलडीएल २५ च्या खाली गेलं त्यांच्यातही बुद्धीत फरक नाही. कोलेस्टेरॉल फार उतरलं की मेंदू बिघडतो या भीतीला हे आजवरचं सगळ्यात स्वच्छ उत्तर आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो. फक्त मुदत बघा : मध्यक १९ महिने. आणि डिमेन्शिया किंवा सौम्य ऱ्हास असलेले इथेही बाहेर. औषध धोक्याचं नाही हे दाखवायला एवढं चालतं. फायद्याचं आहे की नाही हे ठरवायला १९ महिने म्हणजे काहीच नाहीत.

आता उलट्या बाजूला जाऊ. काही निरीक्षणांत दिसतं, की कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांत स्ट्रोकनंतर बुद्धी जास्त खालावते. दिरांसारख्यांना हे फार आवडतं. पण इथे टांगा कुठला आणि घोडा कुठला? मोठा स्ट्रोक आला की त्या आजारपणातच रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. शिवाय गिळता येत नाही, नाकात नळी, आठवडाभर पातळ पेज. अशा माणसाचं कोलेस्टेरॉल कमी येणारच आणि त्याचा मेंदूही जास्त दुखावलेला असणारच. कमी आकडा ही जखमेची खूण आहे. जखम त्या आकड्याने केलेली नाही. आणि हे स्ट्रोकपुरतंच नाही. होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या अमेरिकन पुरुषांचा दीर्घ अभ्यास झाला, त्याचा एक निबंध २००७ सालचा आहे. ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांचं कोलेस्टेरॉल निदानाच्या निदान १५ वर्षं आधीपासून इतरांपेक्षा जास्त उतरत गेलं होतं. पंधरा वर्षं! म्हणजे पंचाहत्तरीतल्या माणसाच्या एका कागदावरून कारण आणि परिणाम ठरवायचा म्हणजे नदीच्या मुखाशी उभं राहून उगम सांगण्यातला प्रकार.

मोठ्या भावाची बाजूही तपासली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या डिमेन्शिया आयोगाने टाळता येण्याजोग्या कारणांची यादी १४ पर्यंत नेली आणि त्यात वाढलेलं एलडीएल नव्याने घातलं. जगातल्या सुमारे ७ टक्के डिमेन्शियाशी त्याचा संबंध जोडला. बातम्यांनी त्याचं सरळ भाषांतर केलं : कोलेस्टेरॉल उतरवा, डिमेन्शिया टाळा. पण आयोग बोलतोय मध्यमवयाबद्दल, चाळिशीपासून पुढे वाढलेल्या एलडीएलबद्दल. सत्तरीत स्ट्रोक येऊन गेलेल्या माणसाला आज गोळी दिली तर त्याची गेलेली बुद्धी परत येते किंवा उरलेली तशीच राहते, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. चाळिशीतल्या मुलांनी ही बातमी स्वतःसाठी वाचावी. ते मात्र ती वडिलांसाठी वाचतात.

मग नेमका हाच प्रश्न कुणी विचारला नाही का? विचारला. ब्रिटनमध्ये पॉडकास्ट नावाची चाचणी झाली. आपण मोबाईलवर ऐकतो ते पॉडकास्ट नव्हे, स्ट्रोकनंतरची बुद्धीची घसरण रोखण्याविषयीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. प्रश्न अगदी आपल्या बाईंचा. स्ट्रोक येऊन काही महिने झालेल्या माणसांत रक्तदाब जास्त कडकपणे आणि कोलेस्टेरॉल जास्त कडकपणे उतरवलं, तर बुद्धी टिकते का? बेत हजारो माणसांचा होता. २०१७ साली निष्कर्ष छापले गेले तेव्हा चाचणीत माणसं होती ८३. हजार नव्हे, शंभर नव्हे, त्र्याऐंशी. मुख्य मोजमापावर फरक दिसला नाही. कोलेस्टेरॉल कडकपणे उतरवलेल्या गटाला काही दुय्यम मोजमापांवर बरे गुण मिळाले. पण ८३ माणसांत अनेक गोष्टी मोजल्या की एखाददुसरी बरी निघणारच, त्यावर घर बांधता येत नाही. लेखकांनीही बांधलेलं नाही.

मला या निबंधाचा राग येत नाही, उलट आदर वाटतो. फसलेली चाचणी छापायला धैर्य लागतं. राग येतो तो पुढे तिचं जे केलं जातं त्याचा. एकजण म्हणतो "फायदा नाही असं सिद्ध झालं", दुसरा म्हणतो "काही गुण सुधारले, म्हणजे फायदा आहे". त्र्याऐंशी जणांची साक्ष दोघंही आपापल्या बाजूने फिरवतात. साक्षीदाराने मात्र एवढंच सांगितलंय, की मला नीट दिसलं नाही, माणसं कमी होती.

आणि माणसं का मिळत नाहीत? स्ट्रोक झालेला वृद्ध, त्याला दोन वर्षं परत परत बोलवायचं, त्याची बुद्धी तपासायची, संमती घ्यायची, घरच्यांनी रजा काढून आणायचं. हे कठीण आहेच. पण माझ्या मते मोठं कारण पैसा आहे. अॅटोर्वास्टॅटिनचं अमेरिकेतलं पेटंट २०११ मध्ये संपलं. आता ती गोळी स्वस्त आहे, आणि स्वस्त गोळीचा नवा गुण शोधून काढण्यात कुणाचाच नफा नाही. एबिंगहाउसच्या मागे कंपनी होती. पॉडकास्टच्या मागे तशी नव्हती.

आता पेंडलबरी–रॉथवेल यांच्या त्या ओळीकडे परत येऊ, कारण घट्ट जमीन तिथे आहे. बुद्धी नेतो तो दुसरा स्ट्रोक. आणि दुसऱ्या स्ट्रोकबाबत आपल्याला बरंच माहीत आहे. २००६ ची स्पार्कल चाचणी : स्ट्रोक किंवा त्याची तात्पुरती चुणूक येऊन एक ते सहा महिने झालेले ४,७३१ लोक, रोज ८० मिलिग्रॅम अॅटोर्वास्टॅटिन, जवळजवळ पाच वर्षं. गोळीवाल्यांत ११.२ टक्क्यांना पुन्हा स्ट्रोक, बिनऔषधी गोळीवाल्यांत १३.१ टक्क्यांना. म्हणजे शंभरात दोघं वाचले. हा आकडा काही लोक फुगवून सांगतात, काही चेष्टेवारी नेतात. मला तो आहे तसाच आवडतो. आणि त्याची किंमतही तिथेच लिहिलीय : रक्तस्रावाचे स्ट्रोक गोळीवाल्यांत ५५, इतरांत ३३. म्हणून ज्यांना पहिला स्ट्रोकच रक्तस्रावाचा होता त्यांचा हिशोब निराळा, तो त्यांच्या डॉक्टरांनीच मांडायचा. २०२० मध्ये फ्रान्स आणि दक्षिण कोरियातल्या २,८६० लोकांवर अजून एक चाचणी झाली. गुठळीचा स्ट्रोक आणि वाहिन्यांत चरबीचे थर, अशांत एलडीएल ७० च्या खाली ठेवलं तर ९० ते ११० ठेवण्यापेक्षा स्ट्रोक, हृदयविकार वगैरे मिळून घटना ८.५ टक्के, नाहीतर १०.९. ही चाचणीसुद्धा पैसे संपल्यामुळे मुदतीआधी थांबवावी लागली, तेही जाता जाता ऐकून ठेवा.

म्हणजे मोठ्या भावाचा निर्णय बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. गोळी बाबांची बुद्धी राखते असा पुरावा नाही. गोळी दुसऱ्या स्ट्रोकची शक्यता थोडी कमी करते याचा पुरावा भक्कम आहे, आणि दुसरा स्ट्रोक आला तर बुद्धीचं काय होतं ते आपण पाहिलं. त्यातही गोळीपेक्षा रक्तदाबाचं महत्त्व जास्त. जगभरातल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात स्ट्रोकच्या कारणांत तोच पहिला आला होता. घरात गोळीवरून भांडण आणि रक्तदाबाचं यंत्र कपाटात धूळ खात, असं चित्र मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय.

आणि दीर? त्यांची शंका विचारण्याजोगी होती, पद्धत धोक्याची. न सांगता गोळी बंद केली आणि महिन्याने "बाबा जरा ताजे वाटतात" असं ठरवलं. कशाशी ताडून? घरी आले त्या दिवशी बाबांचं काय जमत होतं आणि काय नाही, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. हार्ट प्रोटेक्शन स्टडीत राहिली तीच गोष्ट या घरातही राहिली.

बाईंना मी काल फोन केला. म्हटलं, गोळी सुरू करा, बंद केली होती ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दिरांचं नाव नका घेऊ हवं तर. आणि खरंच विसरणं वाढलं असं वाटलं तर त्यांनाच विचारा, मात्रा किंवा गोळी बदलून पाहता येते का. पुढच्या भेटीला जाताना मोका करून मागा, मराठीत बोलणारा कुणीतरी घेईल असं बघा. आणि एक वही करा. चहा एकट्याने केला का, सुट्टे पैसे मोजले का, औषधाचा डबा स्वतः भरला का, तारखेसकट. त्या म्हणाल्या, वही दिरांनाच देते लिहायला.

हं, मागे कुणीतरी हात वर केलाय. या, माईक घ्या.